मालक कोण, ते आधी विचार

रिअ‍ॅक्टवर तुला काम मिळालं आणि पहिलीच स्क्रीन कांद्याच्या पट्टीची, म्हणजे आडत्याने शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाची आहे, हे ऐकून मला बरं वाटलं. शिकवणीच्या व्हिडिओंमध्ये कामांची यादी नाहीतर क्लिक मोजणारं बटण, एवढंच असतं. पट्टीत पैसे असतात, आणि पैशांची स्क्रीन चुकली की समोरचा गप्प बसत नाही. शेतकऱ्याचं नाव, गोण्या, वजन, भाव. त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. आणि तळाला शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. एवढ्याशा कागदात रिअ‍ॅक्टची जवळजवळ सगळी मेख येऊन जाते, म्हणून माझी उदाहरणंही त्यातलीच. हुकांची नावं तुझी कोर्सात पाठ झाली असतील, ती मी परत घोकून घेणार नाही. आत्याने सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

सगळ्यात आधी एक सवय लाव. स्क्रीनवर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे बोट करून विचारायचं, हिचा मालक कोण? माहितीला मालक एकच. बाकीच्यांनी ती त्याच्याकडून मागून घ्यायची, आपल्याजवळ वेगळी प्रत ठेवायची नाही. एका आमटीत दोघी जावांनी मीठ घातलं की काय होतं ते तुला माहीत आहे. एका आकड्याला दोन मालक झाले की तेच होतं, फक्त कळायला उशीर लागतो.

पट्टीवर हे कसं बसतं बघ. एका ओळीत वजन ५२० किलो आणि भाव क्विंटलला १,८०० रुपये, म्हणजे ओळीची रक्कम ९,३६०. यातलं स्टेटमध्ये काय ठेवशील? वजन आणि भाव. रक्कम नाही, ती दर रेंडरला गुणाकार करून काढायची. नवी मुलं हमखास ‘एकूण’ नावाची तिसरी स्टेट करतात आणि मग तिला ताजी ठेवण्याच्या मागे लागतात. वजन बदललं की एकूण बदल, भाव बदलला की एकूण बदल. काट्यावरून निरोप येतो की ५२० नाही, ५०२. ऑपरेटर दुरुस्ती करतो, रक्कम ९,०३६ होते, सगळं छान. पुढच्या महिन्यात कोणीतरी ओळ खोडायची सोय घालतं आणि त्या ठिकाणी एकूण बदलायचं राहून जातं. खोडलेल्या ओळीचे पैसे बेरजेत तसेच राहतात. शोधायला अख्खी दुपार जाते, आणि उपाय काय तर ती स्टेटच काढून टाकायची.

काही जण जास्त हुशारी करतात. युजइफेक्ट लावतात: ओळी बदलल्या की बेरीज करून स्टेटमध्ये टाक. यात कंपोनंट दोनदा रेंडर होतो, आणि पहिल्या खेपेला वजन नवं पण रक्कम जुनी, अशी विसंगत पट्टी तयार होते. गुणाकार-बेरजेला इफेक्ट लागत नाही गं. साधा व्हेरिएबल पुरतो.

हा दोष फक्त नवशिक्यांचा आहे असंही समजू नकोस. फेसबुकवर एके काळी न वाचलेल्या मेसेजचा आकडा दिसायचा आणि उघडून बघावं तर नवीन काहीच नसायचं. दुरुस्त केला तरी काही दिवसांनी तोच बग परत. २०१४ मध्ये त्यांच्याच अभियंत्यांनी हे एका परिषदेत उघडपणे सांगितलं आणि फ्लक्स नावाची रचना मांडली. बदल एकाच दारातून आत येतील आणि माहिती एकाच दिशेने वाहील, असा तिचा गाभा. पुढच्या वर्षी आलेलं रिडक्स त्याच मुशीतलं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये रिडक्स असेल किंवा नसेल, पण ते कशापायी आलं होतं हे ठाऊक असलेलं बरं. नाहीतर माणसं ‘सगळे वापरतात’ म्हणून वापरतात आणि पॉपअप उघडा आहे की बंद, हेसुद्धा त्यात नेऊन ठेवतात.

मालक ठरवताना चार-पाच उमेदवार असतात. एकाच ओळीला लागणारी गोष्ट, म्हणजे तिच्या शेऱ्याची चौकट उघडी की मिटलेली, ही त्या ओळीच्या कंपोनंटची. दोन भावंडं कंपोनंटना लागणारी गोष्ट त्यांच्या सगळ्यात जवळच्या सामाईक पालकाकडे. थेट मुळाशी नेऊन टाकायची नाही. कोणत्या तारखेच्या पट्ट्या बघतो आहोत, कोणत्या गाळ्याच्या, हे यूआरएलच्या मालकीचं. असं केलंस तर पान रिफ्रेश झालं तरी तारीख टिकते, आणि मुनीम तीच लिंक मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू शकतो. शेतकऱ्यांची यादी, जुन्या पट्ट्या, बाकी उचल हे सर्व्हरचं. आपल्याकडे असते ती उसनी प्रत, आणि प्रत शिळी होते हे गृहीत धरूनच चालायचं. ती ताजी करण्याचा पसारा स्वतः लिहू नकोस. टॅनस्टॅक क्वेरीसारखी लायब्ररी टीममध्ये असेल तर ती वापर.

मालकी मोडण्याचा सगळ्यात सोज्वळ दिसणारा प्रकार म्हणजे प्रॉप घेऊन त्याची स्टेट करणं. पालकाने शेतकऱ्याची माहिती पाठवली, फॉर्मने ती युजस्टेटची सुरुवातीची किंमत म्हणून घेतली. पहिल्या शेतकऱ्याला सगळं बरोबर दिसतं. यादीतून दुसरा निवडला की प्रॉपमधून थेट दाखवलेलं नाव बदलतं, पण फोन नंबरच्या खान्यात पहिल्याचाच नंबर. कारण ती सुरुवातीची किंमत फक्त एकदाच वाचली जाते, कंपोनंट जन्माला येताना. इथेही लोक इफेक्ट लावून प्रत जुळवत बसतात. त्यापेक्षा फॉर्मला शेतकऱ्याचा आयडी ‘की’ म्हणून दे. की बदलली की रिअ‍ॅक्ट जुना फॉर्म टाकून देतो आणि नवा कोरा उभा करतो. एवढ्याने काम होतं.

‘की’चा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबू या, कारण यादीतले निम्मे चमत्कार हिच्यामुळे होतात. पट्टीत तीन ओळी आहेत. तू प्रत्येकीला तिचा अनुक्रमांक, म्हणजे अ‍ॅरेतला इंडेक्स, की म्हणून दिलास: शून्य, एक, दोन. मधल्या ओळीच्या शेऱ्याची चौकट ऑपरेटरने उघडली आणि त्यात ‘माल ओला’ असं लिहायला घेतलं. हा कच्चा मजकूर त्या ओळीच्या स्वतःच्या स्टेटमध्ये आहे. मग त्याने मधली ओळ खोडली. तुझ्या डोळ्यांनी मधली ओळ गेली, पण रिअ‍ॅक्टला काय दिसतं? आधी शून्य, एक, दोन होत्या; आता शून्य आणि एक आहेत. म्हणजे गेली ती दोन नंबरची! तो शेवटच्या जागेचा कंपोनंट काढतो, आणि मधल्या जागेवर जुनी स्टेट तशीच ठेवून तिसऱ्या ओळीचे वजन-भाव तिथे भरतो. आता ‘माल ओला’ हा शेरा चांगल्या, कोरड्या मालापुढे येऊन बसला. कन्सोलमध्ये चूक नाही, बेरीजही बरोबर. शेतकऱ्याशी भांडण मात्र नक्की.

म्हणून ओळ जन्माला येते त्या क्षणी, ‘नवी ओळ’ बटणाच्या हँडलरमध्येच, तिला आयडी दे. रेंडर करताना देऊ नकोस. काही जण इंडेक्स वाईट असं ऐकून रेंडरमध्येच यादृच्छिक आकडा की म्हणून टाकतात. मग दर रेंडरला प्रत्येक ओळ नवी ठरते, जुनी मोडून नवी उभी राहते, आणि एक आकडा टाइप केला की कर्सर उडतो. कर्सर उडण्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे एका कंपोनंटच्या पोटात दुसऱ्या कंपोनंटची व्याख्या लिहिणं. बाहेरचं फंक्शन पुन्हा चाललं की आतला नव्याने बनतो, रिअ‍ॅक्टच्या लेखी तो वेगळाच प्रकार, म्हणून सगळं पाडून पुन्हा बांधणं आलं. ‘टाइप करताना बाहेर फेकलं जातं’ अशी तक्रार आली तर आधी या दोन जागा बघ, मग बाकीचं. यादी कधीच बदलत नसेल, हलत नसेल, तर इंडेक्सने काही बिघडत नाही. त्यावरून पीआरमध्ये कोणाशी वाद घालू नकोस.

स्टेट बदलण्याबद्दल थोडक्यात. अ‍ॅरेमध्ये पुश केलंस आणि तोच अ‍ॅरे सेटरला दिलास तर स्क्रीन ढिम्म हलणार नाही. रिअ‍ॅक्ट आत डोकावून बघत नाही, वस्तू तीच आहे की दुसरी एवढंच बघतो. नवा अ‍ॅरे कर. आणि एका रेंडरमध्ये दिसणारी स्टेट हे त्या क्षणाचं छायाचित्र असतं. ‘गोण्या अधिक एक’ असं एकाच हँडलरमध्ये तीनदा लिहिलंस तरी गोणी एकच वाढेल, कारण तिन्ही वेळा जुनाच आकडा वाचला गेला. आधीच्या किमतीवरून पुढची काढायची असेल तर सेटरला फंक्शन दे.

आता युजइफेक्टचं. ही पळवाट आहे, राजमार्ग नाही. रिअ‍ॅक्टच्या बाहेर काहीतरी आहे आणि त्याच्याशी जुळवून घ्यायचंय, तेव्हाच तो उपयोगाचा: वजनकाट्यावरून येणारा आकडा, वेब सॉकेट, ब्राउझरच्या खिडकीचा आकार. पट्टी सर्व्हरला पाठवणं ही ऑपरेटरने बटण दाबल्यामुळे घडणारी गोष्ट आहे, म्हणून ती बटणाच्या हँडलरमध्येच हवी. ‘पाठवायचंय’ अशी स्टेट खरी करून इफेक्टकडून पट्टी पाठवून घेणारा कोड मी पुष्कळ पाहिलाय. रिअ‍ॅक्टच्या अठराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, डेव्हलपमेंटमध्ये स्ट्रिक्ट मोड कंपोनंट उभा करून, मोडून, पुन्हा उभा करतो. इफेक्ट दोनदा चालतो तो म्हणून. त्यावर ‘स्ट्रिक्ट मोड काढून टाका’ हा सल्ला तुला कोणीतरी देईलच. ऐकू नकोस. तो तुझ्या इफेक्टमधलं आवरायचं काय राहिलं, हे दाखवतोय.

आवरायचं म्हणजे काय, ते शेतकरी शोधण्याच्या खान्यावर बघ. ऑपरेटर ‘पा’ टाइप करतो, विनंती जाते. मग ‘पाटी’, दुसरी विनंती. बाजार समितीच्या यार्डातलं नेट तुला ठाऊक आहे. दुसरीचं उत्तर आधी आलं, यादी बरोबर दिसली. मागून पहिलीचं उत्तर रखडत आलं आणि त्याने यादी पुसून ‘पा’ची लांबलचक यादी आणून ठेवली. खान्यात ‘पाटी’ आणि खाली पारधी, पानसरे, पाटोळे. इफेक्टमधून परत देतो ते साफसफाईचं फंक्शन यासाठीच असतं. जुनी विनंती रद्द कर, किंवा निदान ‘हिचं उत्तर आता घ्यायचं नाही’ अशी खूण करून ठेव. ऑफिसच्या वायफायवर हा बग तुला आयुष्यात दिसणार नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करून बघ.

हिशेबाचे नियम कंपोनंटमध्ये कोंबू नकोस, ही गोष्ट तर मी दहा वेळा सांगेन. पट्टीचंच बघ. फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. २०१६ मध्ये राज्य सरकारने ती खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं, आणि कांदा-बटाटाही त्यात आला. समजा त्या वेळी एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये आडतीचा गुणाकार पट्टीच्या स्क्रीनमध्ये एकदा, छपाईच्या कंपोनंटमध्ये एकदा, महिन्याच्या अहवालात एकदा आणि मोबाइलच्या छोट्या कार्डात आणखी एकदा लिहिलेला असता, तर चार जागा शोधाव्या लागल्या असत्या. तीन सापडतात, चौथी शेतकरीच आणून दाखवतो. म्हणून ओळी आणि दर घेऊन पूर्ण हिशेब परत देणारं एक साधं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेव. त्यात रिअ‍ॅक्टचं नावही नको. टेस्ट लिहायला वेळ कमी असेल तर पहिली टेस्ट त्याचीच लिही. बटणाचा रंग बरोबर आहे का, हे डोळ्यांना दिसतं. हिशेबातला एक रुपया दिसत नाही. पैसे पैशांत, पूर्णांकात मोज, कारण जावास्क्रिप्टमध्ये शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन यांची बेरीज नेमकी शून्य पूर्णांक तीन होत नाही.

कंपोनंट किती बारीक करायचे, यावर टीममध्ये फार वाद होतात. माझं मत विचारशील तर, उशिरा तोडलेलं बरं. तीनशे ओळींची फाइल वाचता येते; वीस-वीस ओळींच्या पंधरा फाइलींतून एक प्रॉप कुठून कुठे गेला हे शोधताना डोळे फिरतात. दोन जागी सारखा दिसणारा कोड लगेच एक करू नकोस. शेतकऱ्याची पट्टी आणि खरेदीदाराचं बिल आज जुळ्या बहिणींसारखी दिसतात, पण एक बदलते शेतकऱ्यामुळे, दुसरं बदलतं व्यापारी आणि करांमुळे. घाईने एक केलंस तर सहा महिन्यांत त्या कंपोनंटला ‘बिल आहे का’, ‘आडत दाखवायची का’, ‘छोटं का’, ‘छपाईसाठी का’ असे प्रॉप्स लटकतील. हो-नाहीचे चार प्रॉप्स म्हणजे सोळा प्रकार, आणि त्यातले बरेचसे कोणी कधी उघडूनही पाहिलेले नसतात. वरचा भाग, तळाचा भाग बाहेरून चिल्ड्रन म्हणून आत सोडता येतो. तो मार्ग आधी बघ.

हो-नाहीचीच गोष्ट विनंतीच्या स्थितीत. ‘लोड होतंय’, ‘चूक झाली’, ‘आलं’ अशा तीन वेगळ्या स्टेट केल्या की एके दिवशी चाक फिरतंय आणि त्याखाली लाल अक्षरांत चूकही दिसतेय, असं ध्यान समोर येतं. स्थिती एकाच शब्दाने सांग: निवांत, चालू, झालं, फसलं. आणि फसलं तर काय दाखवायचं, रिकामी यादी असेल तर काय दाखवायचं, हे डिझायनरने दिलं नसेल तर जाऊन माग. डिझाइनच्या फाइलीत नेहमी आठ छान ओळी भरलेल्या असतात. सकाळी गाळा उघडतो तेव्हा पट्टी एकही नसते.

त्यावरून आठवलं. यादीची लांबी, मग दोन अँडची खूण, मग तक्ता, अशी शॉर्टकट अट लिहिलीस तर यादी रिकामी असताना तक्ता लपतो हे खरं, पण त्या जागी एकटंच शून्य छापलं जातं. तळाच्या रकमेजवळ आलं की लोक त्याला हिशेबातलं शून्य समजतात. लांबी शून्यापेक्षा मोठी आहे का, असं स्पष्ट विचार.

वेग वाढवण्याच्या नादी लवकर लागू नकोस. युजमेमो आणि युजकॉलबॅक प्रत्येक ओळीवर चिकटवलेला कोड वाचवत नाही. आधी प्रोफायलर लावून नेमकं काय रेंडर होतंय ते बघ. बऱ्याचदा स्टेट एक मजला खाली नेली की प्रश्न मिटतो. शिवाय रिअ‍ॅक्टचा स्वतःचा कंपायलर २०२५ च्या ऑक्टोबरात पहिल्या स्थिर आवृत्तीला आला. ही मेमोची हमाली तो बरीचशी स्वतः करतो. अवजारं अशी बदलत राहतात. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपने किती प्रोजेक्ट सुरू झाले असतील, पण २०२५ च्या फेब्रुवारीत ते नव्या कामासाठी वापरू नका असं रिअ‍ॅक्टच्याच टीमने सांगितलं. २०१९ मध्ये हुक आले तेव्हा क्लास कंपोनंट लिहिणाऱ्यांनाही असंच वाटलं होतं की शिकलेलं वाया गेलं. गेलं नाही, स्टेट कुणाकडे ठेवायची हा विचार तोच राहिला. व्ह्यू किंवा अँग्युलरवाल्या टीममध्ये गेलीस तरी तुला हाच विचार करावा लागेल. एआयकडून कोड लिहून घेत असशील तर घे, माझी ना नाही. पण त्याने दिलेल्या प्रत्येक इफेक्टसमोर थांबून विचार, हा नसता तर काय बिघडलं असतं?

आता मराठीचं, कारण हे तुला बंगळूरच्या किंवा बाहेरच्या कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही. ऑपरेटरचा कीबोर्ड मराठीत असेल तर तो वजन ‘५०२’ असं देवनागरी अंकांत टाकेल, आणि जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन त्याचा आकडा करायला साफ नकार देतं. स्क्रीनवर ‘नॅन’ उमटतं. म्हणून खान्यातला मजकूर स्टेटमध्ये मजकूर म्हणूनच ठेव, आणि हिशेबात जाण्याआधी एकाच ठिकाणी अंक बदलून, मोकळ्या जागा काढून, तपासून आकडा कर. मजकूर म्हणून ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. ‘५०.५’ टाइप करताना मधे एक क्षण नुसतं ‘५०.’ असतं, लगेच आकडा केलास तर तो टिंब खाऊन टाकतो आणि ऑपरेटरला दशांश टाकताच येत नाही. रिकामा खानाही नंबर फंक्शनमधून शून्य होऊन बाहेर येतो, हे लक्षात ठेव. वजन न भरणं आणि वजन शून्य असणं यांत फरक आहे.

उलट दिशेलाही काळजी घे. ब्राउझरच्या इंटल सोयीला मराठीची भाषाखूण दिलीस की रक्कम ‘१२,३४,५६७’ अशी लाखांच्या स्वल्पविरामांसह आणि देवनागरी अंकांत आपोआप येते. ग्राहकाला मराठी मजकूर पण इंग्रजी अंक हवे असतील, आणि बिलांसाठी पुष्कळांना ते तसेच हवे असतात, तर भाषाखुणेतच अंकांची पद्धत वेगळी सांगता येते. हाताने स्वल्पविराम घालणारं फंक्शन लिहू नकोस.

शेतकऱ्याच्या नावाआधी गोल चकतीत पहिलं अक्षर दाखवायचं डिझाइन असेल, तर ‘नीता’चं पहिलं अक्षर काढायला गेलीस की वेलांटी गळून नुसता ‘न’ येईल, आणि ‘श्रीकांत’चा ‘श’. मजकुराचे तुकडे अक्षरांनुसार पाडणारी सेगमेंटर नावाची सोय इंटलमध्येच आहे, ती वापर. जोडाक्षरांत मात्र जुन्या-नव्या ब्राउझरचा फरक पडतो, तो तपासून घे. इंग्रजीसाठी ठरवलेली ओळीची उंची बटणाला लावली की वरचा रफार किंवा खालचा उकार कापला जातो. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सीएसएस मराठी मजकुराला लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. डिझाइन सिस्टिममधल्या प्रत्येक कंपोनंटमध्ये एक लांब मराठी शब्द घालून बघायची पद्धत पाड. ‘सेव्ह’च्या मापाने कापलेलं बटण ‘नोंद जतन करा’ला पुरत नाही.

बटण म्हणजे बटणच वापर, डिव्हला क्लिक लावून बटणाचा वेष देऊ नकोस. टॅबने तिथे पोहोचता येत नाही, एंटरने दाबता येत नाही, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला तर ते आहे हेही कळत नाही. प्रत्येक खान्याला लेबल जोड. टेस्टसुद्धा त्या लेबलांवरून आणि भूमिकांवरून लिही. क्लासचं नाव धरून लिहिलेली टेस्ट रंग बदलला की मोडते.

पहिल्या आठवड्यात लीडला सांगून एक सकाळ यार्डात जाऊन बस. लिलाव उरकला की पट्ट्यांची झुंबड उडते, तेव्हा ऑपरेटरच्या मागे उभी राहा आणि काही न बोलता त्याचे हात बघ. माऊस तो क्वचितच धरेल. या मंडळींच्या बोटांना टॅलीची सवय असते: एंटर दाबला की पुढच्या खान्यात जायचं. वेबच्या फॉर्ममध्ये एंटर दाबला की फॉर्मच पाठवला जातो. म्हणजे वजन भरून त्याने सवयीने एंटर दाबला, आणि भाव न भरलेली पट्टी जतन झाली. यासाठी प्रत्येक खान्याला वेगळा हँडलर लावू नकोस; पूर्ण तक्त्यावर एकच लाव, एंटर आला की पुढच्या खान्यावर फोकस ने, शेवटच्या खान्यावर नवी ओळ उघड, आणि पट्टी पाठवायला वेगळी कळ ठेव. त्या हँडलरमध्ये एक अट मात्र पहिल्याच ओळीत घाल. इंग्रजी अक्षरांवरून मराठी टाइप करणाऱ्या कीबोर्डवर सुचवलेला शब्द निवडायलाही एंटरच दाबतात, आणि तेव्हा कंपोझिशन चालू असल्याची खूण इव्हेंटमध्ये येते. ती खूण असेल तर काही न करता परत फिर. नाहीतर नाव अर्धवट असतानाच कर्सर गोण्यांच्या खान्यात जाऊन बसेल. तुमच्या ऑफिसात सगळे इंग्रजीत टाइप करत असणार, तेव्हा ही चाचणी स्वतःच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड चालू करून तूच घे.